तारदाळे भडंग, मुदत पाचशे वर्षं

भूपालअण्णा तारदाळ्यांच्या पोटात दुखायला लागलं ते भर दुपारी, आणि ते दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं.

सांगलीच्या पेठेत तारदाळ्यांची दोन दुकानं आहेत, समोरासमोर. दोन्हीकडे भडंगच. तेच कुरमुरे, तेच शेंगदाणे, लसणीचा तोच खमंग वास. डोळे मिटून रस्त्यात उभं राहिलात तर कुठल्या कढईतून येतोय ते सांगता यायचं नाही. आजोबांचं दुकान एकच होतं. मुलांनी भांडून वाटणी केली आणि नातवांच्या वाट्याला रस्त्याच्या दोन बाजू आल्या. इकडे भूपालअण्णा, तिकडे त्यांचा चुलतभाऊ अभिनंदन. अभिनंदनच्या पाटीवर 'मूळ तारदाळे भडंग' असं आहे. अण्णांच्या पाटीवर नुसतं 'तारदाळे भडंग' आणि खाली तांबड्या अक्षरांत 'आमची कोठेही शाखा नाही'. ही खालची ओळ अण्णांच्या वडिलांनी रंगवून घेतली ती गिऱ्हाइकांसाठी नव्हे, समोरच्यांनी सकाळ-संध्याकाळ वाचावी म्हणून.

तर त्या दुपारी अण्णा गल्ल्यावर बसले होते आणि समोर अभिनंदनच्या दारात गाड्यांची रांग लागली होती. त्या बिनमाणसाच्या बुटक्या तीनचाकी गाड्या असतात ना, त्या. येतात, पुड्या भरून घेतात, निघून जातात. अण्णांच्या दारात सकाळपासून एकच आली होती आणि तीही पत्ता चुकून. हल्ली दुकान निवडत कोण बसतो? फोनमधल्या मदतनिसाला म्हणायचं, "भडंग संपलंय," की तो बघून पारखून मागवतो. अण्णांना कुठेतरी वाटलं की मागणी आली की वाजणारी आपली घंटी बिघडली असावी. खात्री करायला त्यांनी स्वतःच्याच फोनला सांगितलं, "पाव किलो भडंग मागव. तारदाळ्यांचं."

घंटी वाजली. समोर वाजली.

थोड्या वेळाने खुद्द अभिनंदन पुडी घेऊन रस्ता ओलांडून आला. वीस वर्षांत पहिल्यांदा. "गिऱ्हाईक म्हणून तुझं नाव दिसलं, भूपाल. म्हटलं गाडी कशाला, आपणच देऊन यावं," असं म्हणून त्याने पुडी गल्ल्यावर ठेवली. "ताजं आहे. खा की."

आत शेंगदाणे निवडत बसलेल्या वैजयंताकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, पदर तोंडाला लावला. खोकला आल्यासारखं केलं, पण तो खोकला नव्हता आणि अण्णांना ते कळलं. अभिनंदन गेल्यावर त्यांनी फोन हातात धरून विचारलं, "का गं भवाने? मालक कोण तुझा?"

"तुम्हीच," फोन बाईच्या आवाजात शांतपणे म्हणाला. "दोन्ही दुकानं चांगली आहेत. पण 'मूळ तारदाळे' हे नाव शंभर वर्षांसाठी नोंदलेलं आहे. तुमच्या नावाची मुदत पुढच्या वर्षी संपते. मी तुमच्या हिताचं पाहिलं."

अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पुडी त्यांनी गाईला घातली. गाईने ती आवडीने खाल्ली, याचाही त्यांना राग आला.

संध्याकाळी त्यांनी पद्मजाला गाठलं. पद्मजा त्यांची एकुलती एक मुलगी. अन्नतंत्रज्ञान शिकून आलेली. दुकानाच्या मागच्या खोलीत तिने स्वतःचा एक कोपरा केला होता. तिथे ज्वारीच्या लाह्या फुलवून ती भडंग करायची. साखरेच्या आजाराच्या माणसालाही मूठभर खाता यावं आणि महिनाभर कुरकुरीत राहावं, यासाठी तिची दोन वर्षं झटापट चालली होती. आता जमलं होतं. बेळगावात एक गाळाही तिने बघून ठेवला होता.

"मुदत म्हणजे काय भानगड आहे ही?" अण्णांनी विचारलं.

पद्मजाने हातातलं घमेलं खाली ठेवलं आणि बापाला समजेल असं सांगितलं. तेच थोडक्यात इथे सांगतो.

इंटरनेटवरचं नाव कधीच कुणाच्या मालकीचं नसतं, भाड्याचं असतं. मुदत भरत आली की पुन्हा नोंदवायचं. विसरलात की सुटलं, आणि सुटलेलं नाव उचलायला लोक टपलेलेच असतात. मिरजेचे एक सतार करणारे आजोबा असेच विसरले होते. महिन्याभरात त्यांच्या पत्त्यावर कुणीतरी जुगार सुरू केला आणि परदेशातले शिष्य सतार मागवायला गेले की त्यांना पत्ते वाटलेले दिसायचे. पूर्वी एका वेळी दहा वर्षांच्या पुढे नाव घेताच येत नव्हतं. मग यंत्रं खोटं बोलायला शिकली. सकाळी नसलेलं दुकान दुपारी उभं राहायचं, उकळत्या कढईच्या चित्रफितीसह, हजारभर गिऱ्हाइकांच्या कौतुकासह, आणि रात्रीपर्यंत लोकांना लुबाडून गडप व्हायचं. फोटो खोटा करता येत होता, मालकाचा चेहरा खोटा करता येत होता, आवाजही. खरं ओळखायचं कशावरून? तर मदतनिसांनी एक खूण शोधली. ज्याला पळून जायचंय तो नाव लांबच्या मुदतीने कशाला घेईल? पुढची वर्षं खोटी करता येत नाहीत. ज्याची मुदत मोठी, तो माणूस खरा.

त्यातून निघालं दीर्घनाम. बत्ताशाएवढ्या स्फटिकाच्या चकतीत लेझरने नाव कोरतात, आत, थरावर थर, बारीक ठिपक्यांनी. ती काच पाण्याने भिजत नाही, आगीने जळत नाही, चुंबकाने पुसली जात नाही. तिच्या नकला जगभर सात ठिकाणी जमिनीखाली ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक मदतनीस त्या नकलांशी ताळा करून बघतो. नोंदणी करणारी कंपनी बुडाली तरी नाव राहतं. विसरायचा प्रश्न नाही, पळवायचा प्रश्न नाही.

"मग वाईट काय आहे त्यात?" अण्णा म्हणाले.

"खोडता येत नाही, हेच," पद्मजा म्हणाली. "नाव कोरतात तशी चूकही कोरतात, अण्णा. शंभर वर्षं म्हणजे काय, तुम्ही, मी, माझी पोरं. तेव्हा भडंग कुणी खात असेल का, तेही आपल्याला माहीत नाही."

"ते राहू दे. अभ्याने शंभरच का घेतली? जास्त मिळत नाहीत?"

"मिळतात की. पाचशेपर्यंत. पण शंभराच्या पुढे जिवंत वारस जोडावा लागतो. त्याचा अंगठा, डोळा, आवाज, सगळं नावाला बांधून टाकतात. कुंथूने दिला नसेल अंगठा." कुंथू म्हणजे अभिनंदनचा मुलगा.

अण्णांच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा तेज आलं. "मग आपण पाचशे घेऊ."

"शंभर घ्या. बरोबरी होईल."

"बरोबरी कुणाला हवीय?"

पद्मजा हसली, पण अण्णा हसत नव्हते. पुढचा आठवडाभर त्यांनी दुसरा विषय काढला नाही. जेवताना समोर बघायचे, आंघोळीहून आले की आधी समोर बघायचे, देवाला हात जोडतानाही त्यांची मान किंचित खिडकीकडे वळलेली असायची. किती गाड्या आल्या, कोण आत गेलं, अभ्या हसत होता का, एवढंच. वैजयंताकाकू म्हणाल्या, "दे बाई तुझा अंगठा, नाहीतर हे खिडकीतच बसून राहतील." पद्मजाचा बापावर जीव होता. ती तयार झाली, पण एका अटीवर.

"नोंदणीचं यंत्र तुम्हाला प्रश्न विचारेल. त्यात शाखेचा प्रश्न असतो. तिथे म्हणायचं, 'अजून ठरलेलं नाही.' एवढंच. मला बेळगावचं दुकान घालायचंय. लक्षात राहील?"

"राहील की. मी काय लहान आहे?"

नावं नोंदवायच्या सेवा केंद्रात गर्दी होती. पद्मजाने आधी अंगठा दिला, डोळा दाखवला, आवाज दिला आणि ती गाडी हलवायला बाहेर गेली, कारण कुणाच्या तरी दारात लावली होती आणि तो ओरडत होता. मालकाने काचेच्या खोलीत एकट्याने बसून उत्तरं द्यायची असतात. कुणी दटावून बोलायला लावत नाही ना, हे सगळ्यांना कळावं म्हणून आतलं बोलणं बाहेर भोंग्यावर ऐकू येतं. अण्णांनी नाव सांगितलं, धंदा सांगितला, गाव सांगितलं. मग यंत्राने विचारलं, "या नावाची शाखा आहे काय, किंवा पुढे होईल काय?"

अण्णांनी तोंड उघडलं. 'अजून ठरलेलं नाही' हे शब्द ओठापर्यंत आले होते, खोटं कशाला सांगू? पण काचेपलीकडे रांगेत त्यांना बापूसो पानवाला दिसला. बापूसोची टपरी अभिनंदनच्या ओट्याला लागून. इथे जे बोललं जाईल ते तासाभरात समोर पोचणार. आणि अण्णा तिथे काय म्हणणार होते? ठरलेलं नाही? तारदाळ्यांचं ठरलेलं नाही? बापाने उन्हात उभं राहून रंगवून घेतलेली ओळ, आणि तिच्याबद्दल ठरलेलं नाही? त्यांनी पाठ ताठ केली आणि भोंगा नसता तरी बापूसोला ऐकू गेलं असतं अशा आवाजात म्हणाले, "आमची कोठेही शाखा नाही!"

"पुढे होईल काय?"

"कदापि नाही!"

"पाचशे वर्षांसाठी कायम करू?"

"कर!"

बापूसोने मान डोलावली. रांगेतल्या दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पद्मजा आत आली तेव्हा अण्णा प्रमाणपत्र हातात घेऊन फोटो काढून घेत होते. तिने विचारलं, "शाखेचं बरोबर सांगितलंत ना?" अण्णा म्हणाले, "सगळं व्यवस्थित." त्या क्षणी त्यांना तसं खरोखरच वाटत होतं. एक पाटीवरची ओळ ती काय, ती तर प्रत्येक दुकानावर असते.

आणि मग मजा सुरू झाली. गाड्यांची रांग एका आठवड्यात रस्ता ओलांडून इकडे आली. पुण्याहून, हुबळीहून, कुठूनकुठून मागण्या यायला लागल्या. दोन आचारी वाढवावे लागले. पण खरं सांगायचं तर अण्णांना धंदा वाढल्याचं सुख कमीच होतं. गल्ला भरला की ते उघडून बघायचेही नाहीत. ते बघायचे समोर. अभिनंदनचं एक शटर दुपारचं खाली असायचं, त्याचा आचारी बाहेर पायरीवर बसून फोन बघत असायचा, ते बघून अण्णांना पोट भरल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी अभिनंदन पुन्हा आला. या वेळी पुडी नव्हती. अण्णांनी मनात दोनचार वाक्यं तयार ठेवली होती, पण त्याने बोलायची संधीच दिली नाही.

"अभिनंदन करायला आलोय," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच नावावर कसनुसं हसला. "पाचशे म्हणजे कमालच केलीस."

"करावं लागतं," अण्णा म्हणाले.

"वर्षांचं मला काही नाही रे. गाड्या काय, येतील नाहीतर जातील. पण पद्मीने अंगठा दिला म्हणे. मागितलास आणि दिला." अभिनंदन गल्ल्याच्या कडेवरून बोट फिरवत होता. "मी कुंथूच्या पाया पडायचा बाकी राहिलो होतो. म्हणाला, पप्पा, तुमचं नाव तुमच्यापाशी ठेवा, मला त्यात गुंतवू नका. फोनसुद्धा करत नाही आता. त्याचं जास्त जळतंय बघ मला. तुझी पोरगी बघितली की जळतंय."

दुसरा कुणी असता तर त्याला वाईट वाटलं असतं. अण्णांना वाटलं नाही. त्यांच्या कानात शेवटचा एकच शब्द राहिला, जळतंय. अभ्या जळतोय! स्वतःच्या तोंडाने सांगून गेला! त्या दिवशी अण्णांनी बासुंदी मागवली आणि बायकोने कारण विचारलं तर म्हणाले, सहज.

पद्मजाने बेळगावात दुकान उघडलं. 'पद्मजाच्या लाह्या' असं सुटसुटीत नाव ठेवलं, तारदाळे शब्दही कुठे घेतला नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या शाळेतले शिक्षक आले, खाऊन खूश झाले आणि म्हणाले, घरी गेल्यावर मागवतो. घरी गेल्यावर त्यांच्या मदतनिसाने सांगितलं, "हे दुकान तोतया असण्याची शक्यता आहे. मागवू नये." सगळ्यांच्या मदतनिसांनी तेच सांगितलं. बेळगावात, धारवाडात, सांगलीत. पद्मजाच्या स्वतःच्या मदतनिसानेही.

कारण शोधायला तिला फार वेळ लागला नाही. ठक लोक आपल्या भावाच्या, मेहुण्याच्या, पोराच्या नावाने त्याच मालाची दहा दुकानं काढतात, म्हणून दीर्घनामात शाखेचा अर्थ मोठा धरलेला असतो. मालकाने किंवा त्याच्या वारसाने त्याच धंद्याचं काहीही, कुठल्याही नावाने काढलं तरी ती शाखाच. आणि भूपाल तारदाळे यांनी जगाला सांगितलं होतं की शाखा नाही आणि पुढची पाचशे वर्षं कदापि होणार नाही. मग ही वारसदार बाई बेळगावात बसून भडंग विकतेय ती कोण? खोटीच असणार. यंत्राचं काही चुकलं नव्हतं.

ती सांगलीला आली ती थेट दुकानात. मागच्या खोलीत जाऊन बसली. अण्णा आत गेले तर तिच्या समोर रिकामं घमेलं होतं.

"तुम्ही काय उत्तर दिलंत, ते मी ऐकलं. रेकॉर्ड असतं त्याचं," ती म्हणाली. "टाळ्यांसकट."

"अगं, तोंडातून गेलं. बापूसो होता समोर."

"बापूसो होता म्हणून?"

"बदलून घेऊ की. मी जातो उद्या, सांगतो चूक झाली."

"बदलत नाही, अण्णा. काच आहे ती." मग तिने सावकाश, एकेक शब्द वेगळा करत, बाकीचं सांगितलं. वाट एकच होती. मालकाने वारस तोडायचा. पण पाचशे वर्षांचं नाव वारसाशिवाय उभं राहत नाही. वारस तुटला की नाव मुकं होतं. पुसलं जात नाही, काचेत राहतं, पण पाचशे वर्षं ते कुणालाच वापरता येत नाही, मालकालाही नाही. मदतनीस त्या नावाला ओळखच देत नाहीत. म्हणजे गाड्या बंद. पायी चालत येईल ते गिऱ्हाईक आपलं.

अण्णा शेंगदाण्यांच्या पोत्यावर बसले. "आणि अभ्या?"

"अभिकाकांचं काय?"

"म्हणजे मग तारदाळे म्हणून जगात तो एकटाच राहणार. शंभर वर्षं."

पद्मजा त्यांच्याकडे बघत राहिली. अण्णांना ते बघणं आवडलं नाही. ते भराभरा बोलायला लागले. तू तरुण आहेस, हुशार आहेस, भडंगच कशाला, दुसरं काहीतरी कर, लोणची कर, पापड कर, त्याला शाखा कोण म्हणणार नाही. नाहीतर इथेच ये, हे सगळं तुझंच आहे. नाहीतर असं कर, वर्षभर थांब, काहीतरी मार्ग निघेल, सरकार काहीतरी करेल.

"अण्णा, एक विचारू? उद्या अभिकाकांनी दुकान बंद केलं, कायमचं, तर तुम्ही मला सोडवाल?"

"आजच!" अण्णा म्हणाले.

इतक्या चटकन म्हणाले की शब्द बाहेर पडल्यावरच त्यांना तो ऐकू आला. वर त्यात आनंदही होता. तो आनंद त्या दोघांच्या मध्ये, त्या लहानशा खोलीत, लपवायला जागा नसल्यासारखा उभा राहिला. दारात वैजयंताकाकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथूनच मागे फिरल्या.

पद्मजा रडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने आपल्या कोपऱ्यातली चाळणी, काटा, दोन डबे पिशवीत भरले, आईला सांगितलं आणि बसला गेली. जाताना नेहमीसारखी वाकून नमस्कार करून गेली, त्यात काही कमी केलं नाही.

त्यानंतरचे दिवस अण्णांनी गल्ल्यावर बसून काढले. गाड्या येत होत्या, पुड्या जात होत्या. त्यांनी समोर बघायचा प्रयत्न केला. अभिनंदनचं शटर खाली होतं, आचारी पायरीवर होता, सगळं होतं, पण पोट भरेना. उलट एक वेगळीच आग सुरू झाली. अभिनंदन म्हणाला होता, मागितलास आणि दिला. हो, दिला. आणि त्या अंगठ्याचं मी काय केलं? पोरीची दोन वर्षं, फुलवून फुलवून जळालेल्या लाह्यांची ती घमेली, पहिल्यांदा जमलं तेव्हा मूठ भरून आधी मला आणून दिली होती तिने, आणि मी खाताना बघत कुठे होतो? खिडकीतून समोर.

"जेवायला चला," वैजयंताकाकू म्हणाल्या.

"वैजू, मी वाईट माणूस आहे का गं?"

"वाईट नाही," काकू ताट वाढत म्हणाल्या. "पण तुम्ही इथे कधी नसताच. चाळीस वर्षं झाली लग्नाला, माझ्यापेक्षा तुम्ही अभिनंदनभावजींकडे जास्त बघितलंय."

अण्णांना हसू आलं. जेवण अर्धवट टाकून त्यांनी पद्मजाला फोन केला. तिने उचलला. "उद्या सकाळी सेवा केंद्रात ये," ते म्हणाले. ती काही विचारणार होती, तर म्हणाले, "उगाच मला विचार करायला वेळ देऊ नकोस. ये."

ती आली. अण्णा काचेच्या खोलीत जाऊन बसले आणि ती बाहेर, रांगेतल्या माणसांमध्ये उभी राहिली. रांगेत पेठेतले चारपाच तरी चेहरे होते. अण्णांनी त्यांना बघितलं. बघून घेतलं आणि मान वळवली.

"वारस तोडण्यासाठी पूर्ण वाक्य आपल्या आवाजात म्हणावं लागेल," यंत्र म्हणालं, आणि पडद्यावर वाक्य उमटलं.

अण्णांनी ते वाचलं. मनात वाचलं तेव्हा ते सोपं वाटलं होतं. "पद्मजा भूपाल तारदाळे ही माझी," एवढं म्हणून ते थांबले. खाकरले. पुन्हा म्हणाले, "ही माझी वारस नाही."

"आवाज जुळत नाही. कृपया आपल्या नेहमीच्या आवाजात बोला."

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा जुळला नाही. बाहेर भोंग्यावर तो कापरा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पोरगी आपली नाही, हे माणसाने नेहमीच्या आवाजात म्हणायचं तरी कसं? अण्णांनी डोळे मिटले. गल्ल्यावर बसलोय असं मनाशी धरलं, समोरून गिऱ्हाईक चाललंय, त्याला हाक मारायचीय. आणि त्या आवाजात, पेठेला चाळीस वर्षं ओळखीच्या असलेल्या त्या खणखणीत आवाजात, त्यांनी ते वाक्य म्हणून टाकलं.

"आवाज जुळला," यंत्र म्हणालं. "हे वाक्य नावासोबत पाचशे वर्षं राहील. पुढे कुणी वाद घातल्यास कारण कळावं, म्हणून कारणही कोरलं जाईल. वारसाची गैरवर्तणूक, वारसाशी मतभेद, की इतर?"

"इतर."

"सांगा."

अण्णांनी काचेतून बाहेर बघितलं. पद्मजा मान हलवत होती, नको नको म्हणून. तिला वाटलं असावं की बाप आता तिच्याबद्दल काहीतरी खोटं, चांगलं सांगेल.

"बाप जळकुकडा होता," अण्णा म्हणाले.

"हा शब्द आमच्या कोशात नाही. जवळचा शब्द 'मत्सरी' आहे. तो नोंदवू?"

"नको. मत्सरी फार शहाणा शब्द झाला. देवादिकांना लावतात तो. मी सांगतो तेच लिही."

"एकदा कोरल्यावर बदलता येणार नाही. कृपया अक्षरं सुटी करून, मोठ्याने सांगा."

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. काचेपलीकडे पद्मजाने तोंडावर हात घेतला होता आणि ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

"ज," अण्णा म्हणाले. "ळ. कु. क. डा."

"कायम करू?"

"कर," अण्णा म्हणाले, आणि बाहेरच्या रांगेत शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू गेलं.